अंबूमावशीचं सोवळं

डोंबिवलीच्या आमच्या चाळीत कुणाला देवी आल्या, की अंबूमावशी कुठल्याच पोथीत नसलेलं सोवळं सांगायला लागायची. आजाऱ्याचे कपडे म्हणजे देवीची वस्त्रं, ती धोब्याकडे जात नाहीत, म्हणून मावशी ती परसात घंगाळात उकळायची. देवीच्या घरचा प्रसाद उंबऱ्याबाहेर येत नाही. देवीला गर्दीही खपत नाही.

एरवी ही बाई देवळाकडे फिरकायची नाही. लस टोचणारा आला, की मात्र पोरांना दंडाला धरून त्याच्यापुढे उभं करायची.

मी एकदा म्हटलं, "मावशी, रोग लागतो असं सरळ सांग ना."

"अगं, रोगाला कोण भितं? शेजारणीला वाईट वाटेल म्हणून बायका जाणारच. देवीचा मान म्हटलं, की घरी बसतात."

ते खरंच होतं.

एका चैत्रात माझ्या शेजारच्या बिऱ्हाडातली सुशी तापली आणि तिच्या अंगभर फोड उठले. सहा वर्षांची पोर, गावाहून नुकतीच आलेली, टोचायची राहिलेली. मावशीनं टोचणाऱ्याला बोलावून अख्खी चाळ पुन्हा टोचून घेतली, दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला आणि स्वतः सुशीजवळ मुक्काम टाकला.

मंगळवारी मागच्या आळीतल्या गोदाकाकू ओटी घेऊन, नातवंडांसकट दर्शनाला आल्या. मावशी उंबऱ्यात आडवी उभी. हे कुठल्या शास्त्रात सांगितलंय, असं काकूंनी ठसक्यात विचारलं.

मावशीनं पदर मागे सारून तोंड उजेडात धरलं. गालांवर, कपाळावर, नाकावर वणच वण.

"माझ्याकडे राहून गेलीय ती, काकू. तिला काय चालतं ते मला विचारा."

काकूंनी ओटी पायरीवर ठेवली आणि त्या वळल्या. नातवंडांना आधी टोचून घ्या, हे मावशीनं जिन्यापर्यंत ऐकवलं.

पुढे सुशीचा ताप उतरला, खपल्या धरल्या. मी पेज घेऊन दाराशी गेले, तेव्हा मावशी तिला खोबरेल लावत होती.

"मावशी, माझं तोंड तुझ्यासारखं होणार?" सुशीनं विचारलं.

मावशीनं खोबरेलाची वाटी खाली ठेवली.

"नाही गं," ती म्हणाली. "तुझ्या वाटचे वण मी तेव्हाच घेऊन ठेवलेत."

मग ती बाहेर येऊन उंबऱ्यात बसली. जिन्यावरून दोन बायका नारळ घेऊन येत होत्या. मावशीनं हात वर केला, पण त्याच हातानं पदर तोंडावर ओढून घेतला.

मी पेजेचं भांडं खाली ठेवलं आणि जिन्यात जाऊन आडवी उभी राहिले.