फ्लायओव्हरखाली उभ्या मॅडम

प्रतिमा मॅडम आमच्या गाडीत बसून ऑफिसला सुखरूप पोचल्या असत्या, तर आमच्या टीमचा प्रमुख जितेंद्र याला काय काय मिळणार होतं, तो हिशेब आधी मांडतो. नावापुढे ‘प्रिन्सिपल’ हा शब्द, म्हणजे इंजिनियरांतला वरचा हुद्दा. हाताखाली आणखी एक टीम. खिडकीजवळची ती जागा, जिथे एसी खरोखर गार वारा सोडतो. आणि नागपूरच्या सासऱ्यांच्या तोंडी, ‘आमचे जावई कॉम्प्युटरमध्ये काहीतरी असतात’ याऐवजी एखादं धड वाक्य! एका सकाळीत एवढी कमाई बंगळुरात फक्त प्लॉटवाले करतात.

टीममधल्या नव्या मुग्धाला त्या मानाने थोडंच हवं होतं. तिचं प्रोबेशन त्याच महिन्यात संपत होतं. कायम झाली, की वाईहून आईला आणायचं आणि तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन कंपनीच्या विम्यात बसवायचं. पोरगी डबा उघडायच्या आधी गुडघ्यांचा विषय उघडायची.

आणि मी? मला काहीच मिळणार नव्हतं. म्हणून मला सगळ्यांचं सगळं स्वच्छ दिसत होतं!

आमचं ऑफिस व्हाइटफील्डात. मोठमोठ्या कंपन्यांच्या लोकांना घरून आणणाऱ्या कॅबना वाट सांगणारं सॉफ्टवेअर आम्ही करतो. त्याच्या पोटात वाटा शोधणाऱ्या कोडचा एक गठ्ठा आहे, त्याला म्हणायचं लायब्ररी; ती जितेंद्रची. तिला सगळं शहर म्हणजे एक ग्राफ: चौक म्हणजे ठिपके, रस्ते म्हणजे बाण. बाणाला दिशा असते. एकेरी रस्त्याने उलटं जाता येत नाही, निदान लायब्ररीला तरी. आता या ग्राफमधली एखादी वाट साठवायची कशी, यावरून एके दुपारी डब्यांच्या साक्षीने युद्ध झालं.

“सोपं आहे ना!” जितेंद्र म्हणाला. “वाट म्हणजे चौकांची यादी. हा चौक, मग तो चौक, मग तो. संपलं! पाहा कशी सुटसुटीत दिसून राहिली.”

“पण सर, दोन चौकांमध्ये एकाच दिशेचे दोन रस्ते असले तर?” मुग्धा म्हणाली. “वरून फ्लायओव्हर, खालून सर्व्हिस रोड. दोन्हींची सुरुवात तीच, शेवटही तोच. नुसते चौक लिहिले तर कुठून गेलो ते कळणार कसं? वाट म्हणजे रस्त्यांची माळ हवी.”

“जो छोटा असेल तो घ्यायचा! काहून घाबरून राहिली तू?”

मुग्धा घाबरत नव्हती, ती मोजत होती. तिने एक चाचणी लिहिली: दोन चौक, दोन रस्ते, सांग बरं कुठला? लायब्ररी नापास झाली आणि भिंतीवरच्या स्क्रीनवर लाल दिवा पेटला. दुसऱ्या दिवशी तर पुण्याच्या हेड ऑफिसातून बढत्या ठरवणाऱ्या प्रतिमा मॅडम येणार!

“मॅडमसमोर लाल नको,” जितेंद्र म्हणाला. “ती चाचणी काढून टाक. तूच लिहिली, तूच काढ. डेमो झाला की परत टाकू. तुझ्या कन्फर्मेशनवर मलाच सही करायची आहे ना?”

हे त्याने इतक्या प्रेमाने विचारलं, की धमकी आहे हे कळायला तिला पाणी प्यावं लागलं. तिने चाचणी काढली. आमच्याकडे कुठल्याही बदलाला दुसऱ्याची मंजुरी लागते. दुसरा म्हणजे मी. आमच्यात मंजुरी सत्यनारायणाच्या प्रसादासारखी देतात: हात पुढे आला की द्यायची, काय आहे ते बघायचं नाही.

आता जितेंद्रची योजना ऐका! स्लाइडबिइड काही नाही. मॅडमना हॉटेलातून आणणारी गाडीच आपल्या लायब्ररीवर चालवायची. “मॅडम गाडीत बसतील, उतरतील, आणि तोच डेमो! भाऊ, तुम्ही ड्रायव्हरसोबत बसा. तुम्हाला कन्नड येते.”

माझे वडील इथल्या सरकारी कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले, तेव्हापासून आमच्या घराण्याकडे हे खातं आहे. जिथे ड्रायव्हर, तिथे मी.

ड्रायव्हर होता परसूअण्णा. त्याच्या मालकाचा नियम कडक: ॲपची वाट सोडली की फेरी बाद. हॉटेल जवळ आलं. ते होतं फ्लायओव्हरच्या खाली, सर्व्हिस रोडवर. ॲप म्हणालं, सरळ. परसूअण्णाने गाडी सरळ वर चढवली!

“अण्णा, खाली! खाली!” मी ओरडलो.

“ॲप वर म्हणतंय, सार,” तो शांतपणे कन्नडमध्ये म्हणाला.

झालं होतं ते असं. लायब्ररीने वाट शोधली होती अगदी बरोबर, सर्व्हिस रोडचीच. पण साठवताना लिहिले फक्त चौक. परत वाचताना तिला दोन चौकांत दोन रस्ते दिसले आणि तिने साहेबांच्या आज्ञेप्रमाणे छोटा, म्हणजे वरचा, उचलला. मी कठड्यावरून खाली पाहिलं. प्रतिमा मॅडम आंब्याच्या रंगाच्या साडीत, बॅग घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. मी हात हलवला. त्यांनीही हलवला. बाई मोठ्या सुसंस्कृत!

फ्लायओव्हर उतरून पुढचा चौक लागला, म्हणजे हॉटेल झालं, असं समजून ॲपने मंजुळ घंटा वाजवली: प्रवासी घेतला.

लगेच मॅडमचा फोन. “उमाकांत, मी गाडीत बसले आहे असं मला कळवण्यात आलंय. सीटबेल्टसुद्धा लावायला सांगताहेत. कशाला लावू?”

मी जितेंद्रला फोन केला.

“कुठे आहे मॅडम?”

“खाली.”

“आणि तुम्ही?”

“त्यांच्या डोक्यावरून गेलो.”

“मग परत या ना भाऊ!”

परत येणं म्हणजे काय, हे ज्याने त्या रस्त्यावर यू-टर्न शोधलाय त्यालाच ठाऊक. लग्न मोडणं सोपं. आम्ही शोधला, परत आलो आणि परत वर चढलो! या खेपेला मॅडमनी हात हलवला नाही. फोन मात्र आला. “ड्रायव्हरला किती तारे देऊ, असं विचारताहेत. आकाशातले चालतील का?”

ऑफिसात मुग्धा सांगत होती, “सर, ड्रायव्हरला नुसतं ॲप बंद करायला सांगा. मालकाशी आपण बोलू.” पण ॲप बंद म्हणजे डेमो बंद, आणि प्रिन्सिपलही बंद! जितेंद्रला त्याहून तेजस्वी कल्पना सुचली. त्याने नकाशातून फ्लायओव्हरच पुसून टाकला.

नकाशा एकच, सगळ्या गिऱ्हाइकांचा. त्या घटकेला जेवढ्या म्हणून कॅब व्हाइटफील्डकडे निघाल्या होत्या, त्या सगळ्या वर रिकामा फ्लायओव्हर सोडून खालच्या सर्व्हिस रोडवर घुसल्या. हॉटेलचं फाटक गाड्यांनी असं बुजलं, की मुंगीलासुद्धा ‘स्वल्प, जरा सरका’ म्हणावं लागलं असतं. आमची गाडीही शेवटी खाली आली, पण फाटकापासून लांब, शेपटाला. हॉर्नच्या त्या कल्लोळात मी मॅडमना पाहिलं. त्यांनी साडी किंचित उचलली, बॅग ओढली आणि त्या मेट्रोच्या दिशेने चालू लागल्या.

ऑफिसात पोचल्या तेव्हा त्यांची साडी आंब्याऐवजी आमचुराच्या रंगाची झाली होती.

“हा प्रसंग तपासणारी चाचणी नव्हती?” त्यांनी विचारलं.

“होती मॅडम,” जितेंद्र म्हणाला. स्क्रीनवर नाव आलं: चाचणी काढली, मुग्धा. मुग्धाने त्याच्याकडे पाहिलं. तो खुर्चीत मागे रेलला आणि मायेने म्हणाला, “ज्युनियर आहे मॅडम. शिकेल.”

“पण सर, तुम्हीच...”

“मुग्धा, आत्ता दोष द्यायची वेळ नाही. टीम म्हणून उभं राहायची वेळ आहे.”

मी त्याच वेळी पाण्याचा घोट घेतला होता. घोट जरा मोठा निघाला. तो संपेपर्यंत विषय पुढे गेला होता.

आता जमा-खर्च. फ्लायओव्हर नकाशात परत टाकून ‘संकट तासाभरात आटोक्यात आणल्याबद्दल’ जितेंद्र प्रिन्सिपल झाला. लायब्ररीत आता वाट म्हणजे रस्त्यांची माळ असते. त्या क्रांतिकारक विचारावर त्याने कोरमंगलातल्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या मेळाव्यात भाषण दिलं. स्लाइड मुग्धाने केल्या. मला ‘टीम प्लेअर’ लिहिलेला थर्मास मिळाला. परसूअण्णाच्या दोन्ही फेऱ्या ॲपने पूर्ण धरल्या. आणि मुग्धाचं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं.

परवा तिने डबा उघडला, पण गुडघ्यांचा विषय उघडला नाही. मीच विचारलं, “आई कशी आहे गं?”

“जिना उतरत नाही आता. वरच्या खोलीतच असते.” तिने पोळीचा तुकडा मोडला. “मी तिला तो सगळा प्रसंग सांगितला, दादा. खूप वेळ हळहळत होती.”

“साहजिक आहे. तुझ्यावर अन्यायच झाला.”

“माझ्यासाठी नाही हो. म्हणाली, ‘त्या बिचाऱ्या मॅडमना बॅग घेऊन मेट्रोपर्यंत चालावं लागलं? गुडघे दुखले असतील गं त्यांचे!’”