दोन काळ्या ड्राइव्ह

"जागा शिल्लक नाही," असं शनिवारी दुपारी दोन वाजता टीव्हीच्या पडद्यावर उमटलं आणि बघूचा जीव खालीवर व्हायला लागला.

बघू हे काही त्याचं खरं नाव नव्हे. चष्म्याच्या दुकानात तो लोकांची नजर तपासायचा आणि "पहिली काच बरी की दुसरी?" हा प्रश्न दिवसातून शंभरदा विचारायचा. त्याला स्वतःला मात्र कुणी काही विचारलं, की उत्तर ठरलेलं : "बघू." बायकोच्या माहेरच्यांनी त्याचं बारसंच करून टाकलं होतं.

पाच वाजता मेव्हणा येणार होता. तो गेली तीन वर्षं गेम कन्सोलवरच्या फुटबॉलमध्ये बघूला धूळ चारत होता आणि वर "भाऊजी, बोटं दुखली का?" अशी चौकशीही करत होता. आज नव्या फुटबॉलवर सगळं उट्टं काढायचं असं बघूनं ठरवलं होतं. पण तो गेम कन्सोलमध्ये मावतच नव्हता.

"तुझा शेतीचा गेम काढून टाकू का?" त्यानं बायकोला विचारलं.

"अडतीस गायी आहेत माझ्या त्यात. हात तर लावून बघ!"

म्हणजे बाहेरून जोडायची ड्राइव्ह आणणं आलं. बघू दुकानाकडे पळाला. काउंटरवरच्या मुलीनं दोन ड्राइव्ह समोर ठेवल्या. "आत फिरती तबकडी असलेली हवी की नुसती चिप असलेली? तबकडीवाली स्वस्त, पण सावकाश चालते. चिपवाली चपळ आणि महाग. कन्सोल नवा आहे ना?"

"नवा."

"मग एक लक्षात ठेवा. नवे गेम बाहेरच्या ड्राइव्हवर नुसते ठेवता येतात, खेळताना आत घ्यावे लागतात. जुन्या कन्सोलसाठी केलेले असतील तर बाहेरूनही चालतात."

बघूचा चेहरा उजळला. शेतीचा गेम जुनाच होता. "म्हणजे गायी बाहेर बांधता येतील!"

मुलगी क्षणभर थबकली. "येतील. तबकडीवाली देऊ की चिपवाली?"

बघू ही उचलायचा, ती ठेवायचा. परत ती उचलायचा. मागे पाच माणसं खोळंबली.

"सर, मागच्या महिन्यात तुम्ही माझे डोळे तपासलेत," मुलगी म्हणाली. "'पहिली की दुसरी' असं अकरा वेळा विचारलंत. मी अकराही वेळा लगेच उत्तर दिलं."

बघूनं मुकाट्यानं चिपवाली घेतली. काळी, पत्त्यांच्या जोडाएवढी.

घरी येईपर्यंत सव्वाचार झाले होते. खोका फाडून त्यानं सगळं टेबलावर उपडं केलं, तेवढ्यात बायकोनं आतून हाक मारली, "अरे, खुर्च्या आण ना गच्चीतून! भाऊबरोबर अप्पाही येताहेत." बघू धावला, चार खुर्च्या आणल्या, घाम पुसला, घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं आणि टेबलावरची काळी ड्राइव्ह उचलून कन्सोलला खुपसली.

पडद्यावर सूचना आली : या ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल. पुढे जायचं?

आयुष्यात पहिल्यांदा बघूनं "बघू" म्हटलं नाही. त्यानं "हो" दाबलं आणि त्याच झपाट्यात गायींची रवानगी ड्राइव्हवर सुरू केली. आपण निर्णय घेणारे पुरुष आहोत, असं त्याला अगदी आतून वाटलं.

मग खोक्याचे तुकडे गोळा करताना पुठ्ठ्याखाली त्याला एक काळी ड्राइव्ह सापडली. कोरी, प्लास्टिकच्या पिशवीत.

बघूनं जोडलेली ड्राइव्ह हलकेच उलटी केली. खाली बायकोच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं : 'अप्पा – माझे आयुष्य – भाग १ ते ३७'. दुसऱ्यांच्या नजरेतली पाव नंबराची चूक पकडणाऱ्या माणसाला हे दिसलं नव्हतं.

अप्पा म्हणजे त्याचे सासरे, पूल बांधणारे निवृत्त इंजिनिअर. सात महिने दर सुट्टीला ते लेकीच्या कॅमेऱ्यापुढे बसून आयुष्य सांगत होते.

"अगं," बघूनं विचारलं, "अप्पांच्या भागांची दुसरी प्रत असेलच ना?"

"नाही रे. कॅमेऱ्यात जागा नव्हती म्हणून तिथलं पुसलं. आज पहिला भाग टीव्हीवर लावायचाय, म्हणून तर ड्राइव्ह काढून ठेवलीये. का?"

बघूनं दुकानात फोन लावला. "नुसतं पुसलं असेल तर थोडंफार परत मिळतं," मुलगी म्हणाली, "पण त्यावर नवीन काही चढवू नका."

बघूनं पडद्याकडे बघितलं. अप्पांच्या आयुष्यावर अडतीस गायी चरत होत्या. सत्तर टक्के. एकाहत्तर. तेवढ्यात बेल वाजली.

मेव्हणा आधी आत आला. बघूनं त्याला दाराआड ओढून कानात सगळं सांगितलं.

"सदतीसच्या सदतीस?" मेव्हण्याचे डोळे लकाकले. मग त्यानं चेहरा सावरला. "अरेरे. फारच वाईट झालं, भाऊजी."

मग बायकोलाही कळलं. "सात महिने माझे!" एवढंच ती म्हणाली. अप्पा मात्र टीव्हीसमोर ताठ बसले होते, नवा शर्ट घालून. बघू त्यांच्यापुढे उभा राहिला.

"अप्पा, ही दुसरी, कोरी ड्राइव्ह लावायची होती, मी तुमची लावली. माझ्या हातून सगळे भाग पुसले गेले."

अप्पांनी कन्सोलकडे बोट दाखवलं.

"मशीननं विचारलं नव्हतं?"

"विचारलं होतं. मी 'हो' म्हटलं."

"तुम्ही? लगेच?"

"लगेच."

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"बरं केलंत. मला सात महिने टोचत होतं ते. सगळ्यांबद्दल गोडगोडच बोललो हो मी त्यात! साहेब देवमाणूस, भाऊबंद देवमाणसं, व्याही देवमाणसं. माणूस या वयातही खरं बोलणार नसेल तर कधी बोलणार?" ते लेकीकडे वळले. "कॅमेरा लाव. पहिल्यापासून घेऊ. आणि ही दुसरी ड्राइव्ह कोरी आहे म्हणता ना? तीच द्या."

कॅमेरा लागला. मेव्हणा खुर्ची ओढून अगदी पुढे बसला. फुटबॉलची कुणाला शुद्ध राहिली नाही. दिवा धरायचं काम बघूकडे आलं.

"आधी अलीकडचं सांगून घेतो, म्हणजे विसरायला नको," म्हणत अप्पांनी घसा साफ केला. "आमच्या लेकीसाठी हे स्थळ आलं, तेव्हा घरात मी एकटाच 'नको' म्हणालो होतो. त्याची एकूण नऊ कारणं होती. पहिलं कारण... जावईबापू, दिवा हलतोय, जरा स्थिर धरा."