जिना निघाला घरी

“सोळा फुटी जिना, आठ फुटी टेम्पो. त्यात काय एवढं! अर्धा आत, अर्धा जगात!” दाजींनी छाती फुगवून सांगितलं.

छाती फुगवणं भागच होतं. सकाळी त्यांनी मोठ्या हौसेने घरातला कुजका लाकडी जिना स्वतःच्या हाताने तोडला होता. शेवटची पायरी खाली पडली, तेव्हा वरून आवाज आला, “जावईबापू, मी आता उतरू कशी?”

सासूबाई वर झोपल्या आहेत, हे दाजी साफ विसरले होते!

नवा लोखंडी जिना वेल्डरकडे तयार होता. दाजींनी तो दोन दोरांनी असा आवळला, की टेम्पोच कण्हला. “मागच्या टोकाला लाल फडकं बांधा,” वेल्डर म्हणाला. “वळणावर शेपूट झाडूसारखं फिरतं!”

फडकं कुठलं? बायकोची लाल ओढणी बांधली. पहिल्याच खड्ड्यात ती सुटली. मग बायको ओढणी हातात फडकवत मागून चालू लागली. “सरका! बाजूला व्हा! हळू घ्या हो!”

शिंप्याच्या दुकानापाशी दाजी डावीकडे वळले आणि जिन्याचं शेपूट उजवीकडून थेट दुकानात शिरलं. बाहेर आलं ते एक अर्धवट शिवलेली पँट घेऊन!

“अहो, गिऱ्हाइकाची आहे ती!” शिंपी गळ्यातल्या टेपसकट धावला.

पुढे सार्वजनिक नळ. तीन दिवस कोरडा. रिकाम्या बादल्या घेऊन पन्नासेक माणसं त्याच्याकडे डोळे लावून बसलेली. त्यांना दिसलं काय? पुढे टेम्पो, मागे लाल कापड नाचवणारी बाई, तिच्यामागे ओरडत पळणारा शिंपी.

“ताई, मोर्चा कसला?” एका आजोबांनी विचारलं.

बायकोला धाप लागलेली. “वरची... खाली येत नाही... आणि हे... काही ऐकत नाहीत!”

“बरोबर बोललात! वरचे कधी खाली येतात? आणि ऐकतात तरी कुठे!” आजोबा बादली घेऊन उठले. “चला रे!”

पन्नास बादल्या खणखणल्या. दाजींनी आरशात पाहिलं. पँटसाठी एवढी माणसं? त्यांनी वेग वाढवावा, तर जिना डुलतो. कमी करावा, तर मोर्चा गाठतो!

शेवटी वरात घरासमोर पोहोचली. सासूबाई वरच्या खिडकीत उभ्याच होत्या. दाजी घाईघाईने ओरडले, “खाली या! आता खाली या!”

झालं! मोर्चाला वरचं माणूस सापडलं!

“खाली या! खाली या! पाणी द्या! पाणी द्या!”

सासूबाई गांगरल्या. मग कमरेला पदर खोचून म्हणाल्या, “एवढंच ना? मेल्यांनो, घसा कशाला फोडताय? पाणी काय, कुणीही देईल!”

त्या गच्चीवर गेल्या आणि टाकीची नळी खाली सोडली. लोकांनी आधी नळी चिमटून पाहिली. वरचं कुणी ऐकतं, ही सवयच नव्हती! मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की शिंपी पँट विसरून टाळ्या वाजवू लागला. बादल्या भरल्या, कळश्या भरल्या, कुणीतरी घरून पिंप आणलं.

खूश झालेल्या त्याच माणसांनी जिना उचलून जागेवर उभा केला. मागोमाग आलेल्या वेल्डरने तो पक्का केला. सासूबाई एकेक पायरी अशा उतरल्या, जणू निवडणूक जिंकूनच आल्या आहेत. “आजींचा विजय असो!” म्हणत गर्दी भरल्या बादल्यांसह पांगली. दाजींचे आभार कुणी मानले नाहीत. शिंप्याने मात्र पँटवरचे ग्रीसचे डाग त्यांना मोजून दाखवले.

“बघितलंस?” दाजी बायकोला म्हणाले. अंगभर गंज, केसांत धूळ, तरी छाती पुन्हा फुगलेली. “ओरखडासुद्धा न येता पोहोचवला की नाही? आता मस्तपैकी आंघोळ करतो!”

ते न्हाणीघरात गेले. साबण लावला, डोळे मिटले, नळ सोडला.

नळ म्हणाला, “फुस्स!”