साडेपाच पौंडांचा धक्का

ऑरिन हॉगनला बंदुकीतलं सगळं कळत होतं. निदान ऑरिनचं तसं मत होतं, आणि ते तो रोज सकाळी लोरेटाच्या कॅफेत, खिडकीजवळच्या टेबलावर, फुकट वाटत असे. धंदा शेतविम्याचा. गारपीट झाली की शेतकरी त्याला शोधत, आणि गारपीट नसली की तो शेतकऱ्यांना शोधत असे. मधल्या रिकाम्या वेळात तो अख्ख्या व्हेटस्टोन गावाला एल्कच्या, म्हणजे तिकडच्या थोराड सांबराच्या, शिकारीवर व्याख्यानं देई. मोंटानाच्या त्या कोपऱ्यात पाळण्यातल्या पोरालाही एल्क कुठे चरतो ते ठाऊक असतं. पण ऑरिनला थांबवायचं कोणी?

"डोंगर चढायचा तर बंदूक हलकी पाहिजे," तो सांगायचा. "आणि मारायचं तर काडतूस मॅग्नम पाहिजे, जादा दारूचं. बाकी सगळं म्हाताऱ्यांचं काम!"

"अरे, पण हलक्या बंदुकीतनं मॅग्नम उडवलं की खांदा निखळतो म्हणतात," कोणीतरी म्हणे.

"नेम धरता येत नाही त्यांचा निखळतो. धक्का हा मनाचा खेळ आहे."

हे तो इतकी वर्षं सांगत होता, की एका शरदात त्याचा मेव्हणा ड्वेन याने सगळ्यांदेखत विचारलंच, "ऑरिन, तुझ्याकडे आहे का रे तसली?"

नव्हती. ऑरिनकडे बापाची जुनी रायफल होती. ती इतकी जड होती की शिकारीला जाताना तो ती गाडीतच ठेवी आणि एल्कने रस्त्यावर यावं अशी अपेक्षा करी. टेबलावर हशा पिकला. ऑरिन कॉफी अर्धी टाकून घरी आला आणि बायकोला म्हणाला, "मार्वा, मला नवी बंदूक घ्यायची आहे. वजनाला हलकी."

मार्वाने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या पोटाकडे. "तीन पौंड तिथं कमी करण्यापेक्षा तीस इथं कमी केलेस तर फुकटात होईल."

"मी गंभीरपणे बोलतोय."

"मीपण. बरं, बाराशे डॉलर. बंदुकीवरच्या दुर्बिणीसकट. वर एक सेंट मिळायचा नाही."

गावात बंदुकांचं दुकान एकच, रॉयचं. रॉयने तीन रायफली काउंटरवर मांडल्या. पहिली स्वस्त, पण जड. दुसरी हलकी, पण तिच्या किमतीत बरी गाय आली असती. तिसरी करड्या रंगाची, प्लॅस्टिकच्या दस्त्याची, काठीएवढ्या बारीक नळीची. ऑरिनने ती एका हाताने उचलली आणि त्याचा चेहरा पहिल्या नातवाला घेतल्यासारखा झाला.

"साडेपाच पौंड," रॉय म्हणाला. "तीनशे मॅग्नम. पण एक सांगून ठेवतो. देवानं जोर दोन्ही टोकांना सारखा वाटलेला असतो. पुढे जेवढा, मागे तेवढा."

"रॉय, हे तू मला सांगतोस?"

"मग मागच्या टोकाला जाड रबराची गादी तरी बसवून घे. आणि दुर्बीण चांगली घे. स्वस्त दुर्बिणीला डोळा फार जवळ न्यावा लागतो."

बंदुकीतच बाराशेतले बहुतेक गेले होते. उरल्या पैशांत गादी तरी आली असती, नाहीतर स्वस्तातली दुर्बीण. ऑरिनने दुर्बीण घेतली. गाद्या म्हाताऱ्यांना लागतात.

दुसऱ्या दिवशी तो गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत एकटाच गेला. पुठ्ठ्याचं खोकं लावलं, दगडावर टेकून बसला, दुर्बिणीत काही दिसेना म्हणून डोळा पुढे नेला, आणखी पुढे नेला, आणि चाप ओढला.

खोक्याला काहीही झालं नाही. ऑरिन मात्र उताणा पडला होता आणि आभाळाकडे बघत होता. दुर्बिणीच्या कडेने उजव्या भुवईवर सुबक अर्धचंद्र कोरला होता आणि त्यातून रक्त नाकावर उतरत होतं. खांदा कुठे आहे हे त्याला दिसत होतं, पण कळत नव्हतं.

कॅफेत कॉफी ओतता ओतता लोरेटा थबकली. "डोळ्याला काय झालं रे?"

धक्का हा मनाचा खेळ आहे असं याच टेबलावर बसून सांगितलेला माणूस दुसरं काय सांगणार? "कपाटाचं दार लागलं," ऑरिन म्हणाला, आणि डाव्या हाताने कप उचलला, कारण उजवा वर जात नव्हता.

"दार खांद्यालापण लागलं?"

"मोठं कपाट आहे."

हंगाम तोंडावर आला होता आणि बंदुकीचा नेम तर बसवायलाच हवा होता. म्हणून ऑरिन पुन्हा खाणीत गेला. या वेळी चाप ओढण्याआधीच त्याने डोळे मिटले, त्यामुळे पहिल्या जखमेच्या शेजारी दुसरी झाली. दुसऱ्या खेपेला त्याने 'न्हाणीघरात घसरलो' म्हणून सांगितलं. लोरेटाने मान डोलावली, आत जाऊन सफरचंदाच्या पाईचा मोठा तुकडा आणला आणि त्याच्यापुढे ठेवत हळूच म्हणाली, "पैसे राहू देत. आणि ऑरिन, कधी बोलावंसं वाटलं तर आम्ही सगळे आहोत हं."

फुकट पाई मिळाली म्हणून ऑरिनने जास्त चौकशी केली नाही. त्या संध्याकाळपर्यंत मार्वा हॉगन नवऱ्याला मारते हे सबंध गावाला ठाऊक झालं होतं. मार्वा सोडून.

तिला ते कळलं ड्वेनकडून. तो टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "ताई, रागाच्या भरात माणसाचा हात उठतो, मला समजतं. पण ऑरिन आता लहान नाही."

मार्वाला आधी अर्थच लागेना. लागला तेव्हा ती खुर्चीत बसली, हसली, मग हसायची थांबली. "ऑरिन! बाहेर ये आणि याला खरं काय ते सांग."

ऑरिनने खरं सांगितलं, पण शक्य तितकं थोडं. "बंदुकीचा किंचित धक्का बसला."

"किंचित?" ड्वेन म्हणाला. "अरे, तूच तर म्हणतोस, धक्का म्हणजे मनाचा खेळ! ताईला वाचवायला बघतोयस होय? आण ती बंदूक इकडे."

"ड्वेन, नको," ऑरिन म्हणाला.

"का? घाबरलास? खोटं उघडं पडेल म्हणून?"

ड्वेन परसात गेला, गवताच्या गंजीवर नेम धरला आणि बार काढला. परत आला तेव्हा त्याच्या उजव्या भुवईवर अर्धचंद्र होता. मार्वाने त्याला टॉवेल दिला.

"हे कोणाला सांगायचं नाही," टॉवेलातून ड्वेन म्हणाला. "मी आर्मीत होतो."

तो डोळ्याला टॉवेल दाबून गाडीकडे झोकांड्या खात निघाला, तेव्हा समोरच्या अंगणात शेजारीण विनिफ्रेड स्टोल पानं गोळा करत होती. "अगं बाई, ड्वेन! काय झालं?"

"पायरीवरून पडलो."

हॉगनांच्या घराला पायऱ्या नव्हत्या. विनिफ्रेडने दाताळं तिथेच टाकलं आणि फोन करायला घरात पळाली. गोळीचा आवाज तिनेही ऐकला होता, पण शरदात मोंटानात गोळीचा आवाज कोण मोजतो? सख्ख्या भावालाही सोडलं नाही, ही बातमी मात्र नवीन होती.

शुक्रवारी चर्चचे पास्टर लिंडक्विस्ट आले. उंचेपुरे, गोड बोलणारे गृहस्थ. त्यांनी कॉफी घेतली, हवेबद्दल बोलले, आणि मग बायबल गुडघ्यावर ठेवून म्हणाले, "मार्वा, क्रोध हे फार जड ओझं असतं."

"पास्टर, मी ह्याला बोटसुद्धा लावलेलं नाही. ती बंदूक मारते."

"आपण सगळेच कशावर ना कशावर खापर फोडतो," पास्टर मायेने म्हणाले. "मी वयाच्या बाराव्या वर्षापासून हरणं मारतोय. बंदूक अशी भुवईवर मारत नाही, बाई. धरणाऱ्याला धरता आली पाहिजे."

 मार्वा उठली, कोपऱ्यातली रायफल आणली आणि आदराने त्यांच्या हाती दिली. "मग आम्हाला दाखवाच, पास्टर. गवताची गंजी मागे आहे."

ऑरिनने तोंड उघडलं होतं, पण मार्वाने नुसतं पाहिलं आणि ते मिटलं.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. नाताळलाही एवढी माणसं येत नसत. पास्टर वेदीपाशी उभे राहिले तेव्हा त्यांच्या भुवईला पाच टाके होते. "गॅरेजमधल्या फावड्यावर पाय पडला," ते म्हणाले आणि घाईघाईने प्रार्थनेकडे वळले. पहिल्या रांगेत ड्वेन. तिसऱ्या रांगेत ऑरिन. तिघांच्या उजव्या भुवईवर तोच अर्धचंद्र, एकाच साच्यातून काढल्यासारखा; ऑरिनच्या तर दोन. ऑरिनशेजारी मार्वा ताठ बसली होती, आणि तिच्या मागची-पुढची एकेक रांग रिकामी होती.

ऑरिनने ते रिकामे बाक पाहिले. माणूस बढाईखोर होता, पण वाईट नव्हता. तीस वर्षांच्या संसारात मार्वाने त्याच्यावर आवाज फार चढवला होता, हात कधी उगारला नव्हता. प्रार्थना संपताच तो उभा राहिला.

"मला काही सांगायचं आहे," तो म्हणाला. "मार्वानं मला मारलेलं नाही. बंदुकीनं मारलं. ती फार धक्का देते. मला ती झेपत नाही. मी इतकी वर्षं उगाच बडबडत होतो. विचारा ड्वेनला! विचारा पास्टरांना!"

सगळ्या माना ड्वेनकडे वळल्या. ड्वेन बुटांची नाडी बांधू लागला. माना पास्टरांकडे वळल्या. पास्टरांनी गीतांचं पुस्तक उघडलं आणि ते उलटं आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

"बिचारा," मागून लोरेटा पुटपुटली. "किती धाक आहे बघा. सगळ्यांपुढे पाठ केलेलं म्हणायला लावलं."

"ऑरिन, खाली बस," मार्वा हळू आवाजात म्हणाली, कारण तिला त्याची कीव आली होती.

ऑरिन लगेच बसला. इतक्या लगेच, की ज्यांना थोडी शंका होती त्यांचीही फिटली.

नंतर चर्चच्या तळघरातल्या कॉफीच्या वेळी मार्वा एकटीच कोपऱ्यात उभी होती. कोणी जवळ येईना. शेवटी विनिफ्रेड स्टोल आली. इकडे-तिकडे बघत तिने मार्वाचं कोपर धरलं आणि तिला कोटांच्या खुंट्यांमागे नेलं. आता उपदेश ऐकायचा म्हणून मार्वाने दात आवळले.

"मार्वा," विनिफ्रेड कुजबुजली, "आमचा क्लिफर्ड. एकोणचाळीस वर्षं झाली, बूट घालून गालिच्यावर येतो. बोलून काही होत नाही. तू... म्हणजे करायचं काहीच नाही गं. नुसती येऊन आमच्या स्वयंपाकघरात बसलीस तरी पुरे."

मार्वाने तिच्याकडे पाहिलं. विनिफ्रेडच्या मागे आणखी दोघीजणी कोट शोधण्याचं निमित्त करून उभ्या होत्या.

"बुधवारी येते," मार्वा म्हणाली. "पाई कसली करशील?"

"हकलबेरीची!"

घरी जाताना ऑरिनने गाडी चालू केली आणि सुस्कारा सोडला. "उद्याच ती बंदूक रॉयला परत देऊन टाकतो."

"खबरदार!" मार्वा म्हणाली. "बुधवारपर्यंत तुझी भुवई बरी व्हायची नाही."