सोंडेराव मागे बसले

एका जंगलात हत्तीचं राज्य होतं. सिंहाचं का नव्हतं, ते मला विचारू नका. प्रत्येक गोष्टीत सिंहच कशाला हवा?

त्या जंगलात रखमाजी नावाचं एक अस्वल होतं. रखमाजी ट्रॅक्टर चालवायचा. अस्वल ट्रॅक्टर कसं चालवेल, असं विचारणाऱ्या पोरांनी खुशाल बाहेर जाऊन खेळावं.

तर झालं काय, नदीपलीकडच्या रानाला वणवा लागला. झाडं गेली, फळं गेली, खायला काही उरलं नाही. रखमाजीची बहीण धुरपा तिकडेच दिली होती. तिची पिल्लं उपाशी होती आणि इकडे रखमाजीच्या घशाखाली घास उतरेना. मग अलीकडच्या जनावरांनी मोहाची फुलं, कंदमुळं, सुकी बोरं गोळा केली. पोती भरून रखमाजीच्या ट्रॉलीत घातली.

आता वाटेत होता पूल आणि पुलाआधी वजनकाटा. कायदा असा, की ट्रॉलीच्या कुठल्याही एका एक्सलवर ठरल्यापेक्षा जास्त वजन येता कामा नये. एक्सल म्हणजे चाकांच्या जोडीला धरून ठेवणारा लोखंडी दांडा. सगळं ओझं एकाच दांड्यावर आलं, तर पूल खचतो. म्हणून ते पुढच्या-मागच्या चाकांवर वाटून घ्यायचं. कायदा चांगला होता हो. कायदे चांगलेच असतात.

रखमाजीनं पोती अशी रचली, की बघत राहावं. जड कंद मधोमध, हलकी फुलं कडेला, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. दोर आवळला आणि तो निघणार, इतक्यात राजाचे मेहुणे आले. सोंडेराव.

त्या जंगलात मदत एकटी जात नसे. सोबत मान्यवर लागत. आणि मान्यवर नेहमी मागे बसत, निरोप द्यायला जमलेल्यांकडे तोंड करून. नाहीतर हात हलवणार कुणाकडे? ट्रॉलीच्या पार शेवटच्या टोकाला सोफा मांडला. शिडी लावली. साहेब चढले, मग शिडीही वर घेतली. त्यांचा चिटणीस कोल्हा टुणकन शेजारी बसला. ट्रॉली कुरकुरली, पण ट्रॉलीचं कोण ऐकतो?

काट्यावर बगळासाहेब होते. स्वतः एका पायावर उभं राहून ते सगळ्यांना वजन वाटून घ्यायला सांगत. त्यांनी काटा पाहिला. पुढचा एक्सल पास, मागचा नापास.

रखमाजीनं सोंडेरावांपुढे हात जोडले. "साहेब, आपण जरा पुढे येऊन मधोमध बसलात, तर एकही पोतं उतरवावं लागणार नाही."

"माझं काय रे," सोंडेराव प्रेमानं म्हणाले, "मी कुठंही बसेन."

आणि बसून राहिले.

कोल्ह्यानं रखमाजीला बाजूला घेतलं. सोफा कुठे ठेवायचा हे दरबारात ठरलंय, तो हलवायचा तर पुन्हा दरबार भरवावा लागेल, आणि राजेसाहेब तर डुंबायला गेलेत. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं! शेवटी बगळ्यानं तोडगा काढला. मागची पोती उतरवा. उतरवली. काटा ढिम्म. मधली उतरवली. तरी काटा थोडा पुढेच. मग शिडीही उतरवली, तेव्हा कुठे मागचा एक्सल कायद्यात बसला. बगळ्यानं उतरवलेला माल जादा वजनाचा पुरावा म्हणून सील करून टाकला.

पुढची थोडी पोती तेवढी राहिली. पिल्लांना एवढी तरी मिळतील, अशी रखमाजीनं मनाची समजूत घातली आणि पूल ओलांडला.

पलीकडे सगळे वाट बघत होते. धुरपा इतकी वाळली होती, की रखमाजीला तिच्याकडे बघवेना. त्यानं झटकन एक पोतं उचललं. तशी ट्रॉली पुढून वर उठली आणि सोंडेराव केवढ्यानं तरी चीत्कारले.

"ठेव ते जागेवर," कोल्हा ओरडला. "पुढची पोती काढलीस, तर साहेब मागे कोसळतील."

मग साहेबांना आधी उतरवू, रखमाजी म्हणाला. पण शिडी काट्यावर राहिली होती, आणि हत्तीला उडी मारता येत नाही. एवढं तर तुम्हालाही ठाऊक आहे.

मग सोंडेरावांनी बसल्या जागेवरून भाषण केलं. सोफ्याचं तोंड मागे होतं, त्यामुळे ते नदीकडे बघून बोलले. संपूर्ण जंगल तुमच्या पाठीशी आहे, म्हणाले. उपाशी जनावरांनी त्यांच्या शेपटीकडे बघून टाळ्या वाजवल्या.

धुरपा ट्रॉलीजवळ आली. "दादा, त्या पोत्यांत काय आहे रे?"

रखमाजीला रडू फुटत होतं. त्यानं ते गिळलं.

"वजन आहे, धुरपे," तो म्हणाला.

ट्रॉली परत फिरली. काट्यावर दोन्ही एक्सल अगदी कायद्यात भरले. बगळासाहेबांनी त्याच वेळी रखमाजीला आदर्श वाहनचालक म्हणून जाहीर केलं. साहेबांना शिडीनं उतरवल्यावर ही पोती घेऊन एकदा परत जाऊ का, असं रखमाजीनं हळूच विचारलं.

"जा की," कोल्हा म्हणाला. "थांब, साहेबांना सांगतो, पुन्हा चढा म्हणून."

तात्पर्य: ओझं नेहमी कायद्यानं वाटून न्यावं. गाडीतून जे उतरवता येतं, त्याला ओझं म्हणतात. जे उतरवता येत नाही, त्याला हार घालतात.