टप्प्याटप्प्यानं विमान

शरच्चंद्रराव सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका उपसा योजनेच्या कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते आणि त्यांच्या हातून आजवर कोणाचंही वाईट झालेलं नव्हतं. चांगलंही झालेलं नव्हतं. त्यांच्या सहीनं निघालेला कागद पावसाळ्यात वर जायचा, हिवाळ्यात शंका घेऊन खाली यायचा आणि उन्हाळ्यात खुलाशासह पुन्हा वर जायचा. नदीचं पाणी उचलून आटपाडीकडच्या माळाला द्यायचं, एवढंच योजनेचं काम. तिची कोनशिला बसली होती, कार्यालय उभं राहिलं होतं, पाणी सोडणाऱ्या माणसाची नेमणूक झाली होती, आणि तो माणूस एक थेंबही न सोडता हारतुरे घेऊन निवृत्तही झाला होता. पाणी तेवढं शेवटच्या टप्प्यात होतं.

चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात साहेबांनी पाणीटंचाईवरची बैठक पाचगणीला घेतली, कारण सांगलीत फार उकडत होतं. तिथं शरच्चंद्ररावांना साताऱ्याचा शाळूसोबती भेटला. लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन परतला होता आणि तिथल्याच एका निवासी शाळेची व्यवस्था बघत होता. त्यानं मित्राला शाळेच्या संगणक खोलीत नेलं, चपला काढायला लावल्या आणि खुर्चीत बसवलं.

"बस रं गड्या. पोरं सुट्टीला गेल्यात. हे दाबलं की इमान डावीकडं, हे दाबलं की उजवीकडं. पडलं तरी कोन मरत न्हाई."

शरच्चंद्ररावांनी डावीकडचं बटण दाबलं. पडद्यावरचं विमान डावीकडे वळलं. लगेच. शंका नाही, खुलासा नाही, 'आपल्या स्तरावर उचित कार्यवाही' नाही. खाली निळं पाणी होतं, वर निळं आभाळ होतं, आणि मधे एक वरिष्ठ लिपिक होता, ज्याचं कुणीतरी ऐकत होतं. थोड्याच वेळात विमान डोंगरावर आदळलं. लालासाहेब हळहळला. शरच्चंद्ररावांचे मात्र डोळे भरून आले. विमान पडलं होतं खरं, पण ते त्यांनी पाडलं म्हणून पडलं होतं.

परतीच्या वाटेवर घाटात त्यांनी ठरवलं, असा संगणक आपल्या घरी हवा. विमान उडवता येईल असा, रंगीत.

घरी सांगताना त्यांनी विमानाचा उल्लेख टाळला. मध्यमवर्गीय घरात कुठलीही वस्तू चैनीसाठी येत नसते. टीव्ही बातम्यांसाठी येतो, स्कूटर दवाखान्यासाठी येते.

"वल्लरीच्या शिक्षणासाठी संगणक घ्यायचा म्हणतोय," ते पत्नीला म्हणाले.

विनोदिनीबाई कैरी किसत होत्या. त्या मूळच्या वाईच्या. नाव घ्यायला त्यांचा हात धरणारी बाई कृष्णेच्या दोन्ही काठांवर नव्हती. "वल्लरीला विचारलंत का?"

"शिक्षण विचारून होत नसतं."

"आणि पैसे?"

"टप्प्याटप्प्यानं घेऊ. भत्त्याचा फरक मिळेल तसा."

इथवर सगळं सरळ होतं. सांगलीत त्या काळी सुटे भाग आणून संगणक जोडून देणारे दुकानदार झाले होतेच. त्यातल्या सिद्धूचं दुकान मिरज रस्त्याला होतं. गिऱ्हाईक म्हणेल त्याला 'होतंय की' म्हणायचं, हे त्याच्या धंद्याचं भांडवल होतं.

"पहिल्या टप्प्यात काय घेताय साहेब?"

शरच्चंद्ररावांनी एका आयुष्याचा अनुभव पणाला लावला. वरच्या कार्यालयात संगणक आला तेव्हा आधी काय आलं होतं? आधी टेबल आलं, मग प्लॅस्टिकचं झाकण आलं, मग 'चपला बाहेर काढाव्यात' ही पाटी आली. शेवटी संगणक आला आणि झाकणाखाली गेला. योजनाही तशीच चालली होती. ज्या गोष्टीसाठी सगळं चाललंय ती गोष्ट सर्वांत शेवटी आणायची, म्हणजे ती येईपर्यंत कुणाला कामाला लागावं लागत नाही.

"टेबल आणि झाकण," ते म्हणाले.

"होतंय की," सिद्धू म्हणाला. "बाकीचं थांबूनच घ्या साहेब. पुढच्या महिन्यात भाव पडतोय."

तो पुढचा महिना पुढे चार वर्षं चालला.

टेबल आलं आणि पाठोपाठ पुढचा चैत्र आला. चैत्रगौरीचं हळदीकुंकू म्हणजे गौरीपुढे आरास मांडायची, कैरीची डाळ आणि पन्हं द्यायचं, आणि वर्षभरात घरात जे नवीन आलं असेल ते सहज नजरेला पडेल असं ठेवायचं. विनोदिनीबाईंनी टेबल आराशीच्या शेजारी घेतलं. पण नुसतं झाकण टेबलावर पसरलं तर ते पावसात भिजलेल्या कावळ्यासारखं दिसलं असतं. म्हणून त्याला आकार यावा एवढ्यासाठी आत दिवाळीच्या फराळाचा मोठा चौकोनी डबा ठेवला. झाकण ताठ बसलं. बायका जरा लांबूनच नमस्कार करून गेल्या, आणि शेजारच्या अंजनाबाईंनी आग्रह धरला, "आता नाव घ्याच." विनोदिनीबाईंनी घेतलं:

"कैरीच्या डाळीला मोहरीची फोडणी,
टेबलावर झाकण, जशी नवरीला ओढणी;
आतलं काय विचारू नका गं बायांनो,
शरच्चंद्ररावांची आहे टप्प्याटप्प्यानं मांडणी."

त्या संध्याकाळी विश्रामबागेत बातमी पसरली की शरच्चंद्ररावांकडे संगणक आला. ती खोटी होती असं कुणी म्हणालं नाही. शरच्चंद्रराव म्हणायला गेले होते, पण अंजनाबाई दारातच भेटल्या.

"भाऊजी, आमच्या जयराजसाठी मुलगी सांगून आलीय. संगणकावर पत्रिका जुळवून द्याल का?"

"पुढच्या टप्प्यात," ते म्हणाले. उत्तर बरोबर लागू पडलं. अंजनाबाईंच्या मनातला आदर वाढला. जे लगेच होतं त्याला आपल्याकडे मान नाही.

दुसऱ्या चैत्राला रंगीत पडदा आला, कळफलक आला आणि माऊस आला. माऊसला हळदकुंकू वाहावं की नाही यावर थोडा खल झाला. शेवटी गणपतीचं वाहन म्हणून वाहिलं. पडदा चालू होण्याचा प्रश्न नव्हता, कारण ज्याला जोडायचा तो डबा अजून फराळाचाच होता. विनोदिनीबाई पडद्यात बघून म्हणाल्या:

"पन्ह्याच्या पेल्याला वेलचीचा वास,
काळ्याभोर काचेत मीच दिसते झकास;
शरच्चंद्ररावांनी आणला महागाचा आरसा,
कुंकू नीट करायला उपयोगी खास."

बायका हसल्या. शरच्चंद्रराव आतल्या खोलीत एकटेच हसले. रोज ऑफिसातून आल्यावर हातपाय धुऊन ते टेबलापाशी बसत, झाकण अर्धं उचलत आणि कळफलकावरचं डावीकडचं बटण एकदा दाबत. काळ्या काचेत कुणी वळत नसे. तरी बोटाला सवय राहिलेली बरी.

वल्लरी एकदा दारात उभी राहून हे बघत होती. "बाबा, माझा अभ्यास झाला का?" तिनं विचारलं. ते दचकून उठले.

एव्हाना कीर्ती साहेबांपर्यंत गेली होती. वरच्या कार्यालयाकडून पत्र होतं, शेतकऱ्यांना संगणकाची ओळख करून द्या. तिथला संगणक झाकणाखाली होता आणि तो हलवायला वरची मंजुरी लागत होती. खासगी संगणकाला मंजुरी लागत नव्हती.

"शरच्चंद्र, तुमचा घ्या आणि आटपाडीला जाऊन या."

"साहेब, तो अजून पूर्ण..."

"योजना तरी कुठे पूर्ण आहे? आपण काय तिथं जायचं थांबलोय?"

टेबल, पडदा, कळफलक आणि झाकणासह डबा जीपमध्ये चढला. आटपाडीच्या बाजूला एका देवळासमोर सतरंजी अंथरली. शरच्चंद्ररावांनी उभं राहून संगणक आणि शेती या विषयावर भाषण केलं. झाकणाकडे बोट दाखवत ते म्हणाले की, येत्या शतकात शेतकऱ्याला सर्व काही याच्यातून मिळेल.

पुढच्या रांगेत केरबा नावाचा म्हातारा बसला होता. तो नुसता बघत होता. पोरगा असताना त्यानं योजनेची कोनशिला बघितली होती आणि आता नातवाला घेऊन तिच्यावर बसायचा.

"आवं सायब, ह्याच्यात पानी कवा येनार त्ये दिसंल व्हय?"

"दिसेल. पुढच्या टप्प्यात."

"मंग ह्यो बी आपल्या कालव्याचाच भाऊ म्हनायचा," केरबा म्हणाला आणि उठून त्यानं सहज झाकण वर केलं. झाकण वर करायचं नसतं, ही कार्यालयाची शिस्त त्याला ठाऊक नव्हती. खाली डबा होता. केरबानं डबाही उघडला. आत चकल्या होत्या. विनोदिनीबाईंनी जीप निघताना वाटेत खायला म्हणून भरल्या होत्या.

शरच्चंद्ररावांना वाटलं, आपलं विमान पुन्हा डोंगरावर आदळलं.

केरबानं एक चकली मोडून तोंडात टाकली. "लय ब्येस हाय," तो म्हणाला. "योजनंतनं पयल्यांदा काय तरी गावाला मिळालं बगा." मग डबा सतरंजीवर फिरला.

साहेबांनी अहवालात लिहवून घेतलं, 'प्रात्यक्षिक यशस्वी झाले. उपस्थित लाभार्थींना जागेवरच लाभाचे वाटप करण्यात आले.' वरून शाबासकी आली. शरच्चंद्ररावांना 'संगणक समन्वयक' नेमलं गेलं, आणि त्यांचा घरचा संगणक इतका प्रसिद्ध झाला की आता तो आणणं भाग होतं.

अठ्ठ्याण्णवच्या चैत्राच्या तोंडावर सिद्धू शेवटचा डबा घेऊन आला. या वेळी खरा. जोडायला बसला तर कळफलकाची जाडजूड गोल पिन नव्या डब्याच्या बारीक भोकात बसेना.

"साहेब, जुन्या पद्धतीचा आहे. मधल्या काळात भोक बदललं."

"कधी?"

"तुम्ही थांबला होता तवा."

मधे लावायचा जोड पुण्याहून आला. विमानाचा खेळ लालासाहेबानं पाठवला, सोबत निरोप होता, 'जुना गावला न्हाई. ह्यो नवा हाय, लय भारी.'

शरच्चंद्ररावांना तो खेळ एकट्यानं लावायचा होता. दार लोटून, हातपाय धुऊन. पण सिद्धूनं जोडणी संपवली ती हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी, आणि साहेबांच्या पत्नी मुख्य पाहुण्या म्हणून येऊन बसल्यासुद्धा होत्या. खोली भरली होती. पडदा उजळला तेव्हा गौरीपेक्षा जास्त हात त्याच्याकडे जोडले गेले.

"काहीतरी शिक्षणाचं दाखवा की," साहेबांच्या पत्नी म्हणाल्या.

शिक्षणाचं त्यात काहीच नव्हतं. तेवढ्यात दहावीत गेलेली वल्लरी पुढे आली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, विमानाचं लावा. भूगोल आहे तो." तिला पहिल्यापासून माहीत होतं. सगळ्या घराला माहीत होतं.

विमान आलं. निळं पाणी आलं, निळं आभाळ आलं. शरच्चंद्ररावांचं बोट चार वर्षं तयार होतं. त्यांनी डावीकडचं बटण दाबलं.

विमानानं विचार केला.

त्यांनी पुन्हा दाबलं. विमान जागच्या जागी थरथरलं, जणू वर विचारून येतो म्हणालं. बायकांची डाळ खाऊन झाली. अंजनाबाईंच्या जयराजचं लग्न होऊन मुलगा रांगत होता, तो टेबलाखालून जाऊन परत आला. मग कुणाचंच लक्ष नसताना विमान सावकाश डावीकडे वळलं. तोपर्यंत समोर डोंगर आला होता आणि आता उजवीकडे वळायला हवं होतं.

"नव्या खेळाला जोर जास्त लागतोय साहेब," सिद्धू कानाशी कुजबुजला. "अजून एक कार्ड टाकलं की पळतंय. थांबूनच घ्या, पुढच्या महिन्यात..."

शरच्चंद्ररावांनी मान हलवली. बोट अजून बटणावर होतं. ही चाल त्यांच्या ओळखीची होती. ज्याच्यापासून सुटायला विमान हवं होतं, तेच कार्यालय त्यांनी एकेक भाग विकत आणून घरात उभारलं होतं.

साहेबांच्या पत्नी तोंडाला पदर लावून हसल्या. मग दुसरी हसली, मग तिसरी. विनोदिनीबाईंनी नवऱ्याच्या पाठीकडे बघितलं. बुशकोटाची ती पाठ रोज संध्याकाळी काळ्या काचेपुढे बसलेली त्यांनी स्वयंपाकघरातून पाहिली होती. त्या पुढे झाल्या. त्यांनी पन्ह्याचा पेला टेबलावर ठेवला, थेट झाकणाच्या घडीवर, आणि कुणी न सांगता नाव घेतलं:

"चैत्रांगणाच्या रांगोळीचा केवढा थाट,
विमान निघालंय, वळणाची बघतंय वाट;
शरच्चंद्ररावांना हसू नका गं बायांनो,
तुमच्याही कपाटात कोरंच आहे चांदीचं ताट."

हसणं थांबलं. साहेबांच्या पत्नींना कागदाचं वेष्टन न काढलेला डिनर सेट आठवला. अंजनाबाईंना नव्या सोफ्यावरचं प्लॅस्टिक आठवलं, ज्यावर बसलं की पाहुणे घसरतात. कुणाला खोक्यातलं शिलाई मशीन आठवलं, कुणाला लग्नातला शालू.

शरच्चंद्ररावांनी पेल्याखालचं झाकण ओढून काढलं, चुरगाळलं आणि बटण दाबून धरलं. विमान विचार करत राहिलं. ते वाट बघत राहिले. वाट बघणं त्यांना येत होतं.

"मी घेतलं," विनोदिनीबाई शेजारणीकडे वळून म्हणाल्या. "आता तुमचा नंबर."

हळदीकुंकवात एकीनं नाव घेतलं की शेजारणीला घ्यावंच लागतं. नंबर त्या खोलीतून फिरत बाहेर पडला आहे आणि दारोदार जातो आहे. तुम्ही जे पुस्तक वाचताय, त्याला घातलेलं खाकी कव्हर छान आहे. तुमच्याकडे झाकणाखाली काय आहे? घ्या, लाजू नका.