सर, हलू नका!

माशीवाल्याच्या पीएच.डी. प्रबंधाचं तिसरं प्रकरण कित्येक महिने सरांच्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर धूळ खात पडलं होतं. त्याच्याखाली तिथल्याच सीनियर ताईचं प्रकरण, त्याहून जास्त धूळ खात. सरांच्या होकाराशिवाय पदवी नाही, आणि सर कायम घाईत. "चालता चालता सांग," म्हणायचे आणि जिना उतरून पसार व्हायचे.

त्या दिवशी माशीवाला आपल्या लाडक्या फळमाश्या मोजत होता. या माश्यांना वास येत नसे. सगळा प्रबंध त्यावरच. बाकीच्या कुप्यांना बुरशी लागलेली, वंश उरला तो एवढाच. गॅसने झोपवलेल्या माश्या जाग्या व्हायच्या आत कुपीत भरायच्या असतात. नेमका आत्याचा फोन आला.

"डॉक्टर झालास का रे? गुडघा फार दुखतोय."

"आत्या, मी माश्यांवर काम करतो गं."

"मग त्यांच्या गुडघ्याला काय देतोस?"

हे समजावून सांगेपर्यंत माश्या उठल्या आणि भुर्रकन छताला गेल्या. माशीवाल्याला रडूच कोसळलं.

"केळं ठेव," ताई म्हणाली.

"ताई, वास येत नाही त्यांना!"

"हो की. मग उजेड दाखव."

दोघांनी पडदे ओढले, दिवे मालवले आणि सरांच्या टेबलावरचा एकच लॅम्प चालू ठेवला. माश्या हळूहळू खाली येऊ लागल्या. तेवढ्यात सर तरातरा आत आले आणि लॅम्पखाली वाकून चष्मा शोधू लागले. सरांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता. माश्यांना एवढा उजेड जन्मात दिसला नव्हता.

"सर, हलू नका!"

"अरे, मीटिंग आहे मला."

"सर, माझी सगळी मेहनत तुमच्या टाळूवर बसलीये हो!"

सर शेवटी जीवशास्त्राचे. होते तसेच खुर्चीत टेकले आणि पुतळा झाले. ताईने आत जाळी बसवलेली रबरी नळी तोंडात धरून एकेक माशी अलगद नळीत ओढायला सुरुवात केली. माशीवाल्याने सरांकडे पाहिलं. सर बसलेले होते, आणि कुठेही जाऊ शकत नव्हते. त्याने प्रकरणावरची धूळ झटकली, घसा खाकरला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.

"तो आलेख बदल," सर ओठ न हलवता पुटपुटले. वाचून संपल्यावर म्हणाले, "बरं लिहिलंयस रे. जमा करून टाक."

माशीवाल्याला आनंदाने उडी मारायची होती, पण माश्या उडतील म्हणून त्याने ती आवरली. ताईने शेवटची माशी नळीत घेतली. सर उठणार, एवढ्यात तिने नळीतून हळूच उलटी फुंकर मारली आणि माशी परत टाळूवर.

"सर, एक राहिलीये," ती म्हणाली. मग नळी माशीवाल्याच्या हातात देऊन तिने स्वतःचं प्रकरण उघडलं.